प्रकल्प नोंदी : बाराव्या अध्यायाचा बॉट

९ जून २०२५, सोमवार

वाचनालयाच्या समितीची बैठक सहाला होती, सुरू झाली सातला. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं वाचनालय. सभासद बहुतेक साठीपुढचे. तरुण पोरं येतात ती वरच्या अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेसाठी. खालच्या कपाटांकडं ती बघतसुद्धा नाहीत. यंदा ज्ञानेश्वरांच्या जन्माला ७५० वर्षं होतात. त्या निमित्तानं दारापाशी एक टॅबलेट लावायचा आणि ज्ञानेश्वरीशी बोलता येईल अशी सोय, म्हणजे बॉट, करायची. वाचकानं आपला प्रश्न विचारायचा, ग्रंथातून उत्तर यायचं. मुदत श्रावण वद्य अष्टमी, ज्ञानदेवांची जन्मतिथी. यंदा ती १५ ऑगस्टला आहे. पैशांचा विषय निघाला नाही. चहा मात्र दोनदा झाला.

काम तिघांत वाटलंय. प्रोग्रॅम माझ्याकडं. ओव्यांचा अर्थ सरांकडं. मराठीचे निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठेत राहतात, आठवीला मलाही होते. टायपिंग आणि चाचणी पुतणीकडं, ती बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

समितीतल्या एका काकांची सूचना लिहून ठेवतो, कारण ती परत येणार आहे : "स्क्रीनवर माउलींचा चेहरा पाहिजे आणि 'मी ज्ञानेश्वर बोलतोय' असा आवाज आला पाहिजे. पब्लिक तुटून पडतंय बघा."

११ जून, बुधवार

दुसऱ्यांनी काय करून ठेवलंय ते बघण्यात दोन दिवस गेले.

२०२३ च्या सुरुवातीला गीतेवरचे बॉट एकामागून एक निघाले. त्यातले काही थेट कृष्णाच्या तोंडून बोलायचे. "हे पार्था" म्हणायचे आणि समोरच्याला नोकरी सोडू का, लग्न करू का यावर सल्ला द्यायचे. धर्मासाठी मारलं तर चालतं, असंही त्यातल्या काहींनी सांगितल्याच्या बातम्या त्या वर्षी आल्या होत्या. यंत्राला रणांगण कळलं नाही आणि विचारणारा माणूस राजारामपुरीत बसलाय की कुरुक्षेत्रावर, हेही कळलं नाही.

दुसरा प्रयोग जास्त विचार करायला लावणारा. अमेरिकेतले तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांच्या लेखनावर २०२२ मध्ये जीपीटी-३ ला, म्हणजे मजकूर तयार करणाऱ्या एका यंत्राला, शिकवलं आणि दहा प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं समोर ठेवली : एक खुद्द डेनेट यांचं, चार यंत्राची. खरं कुठलं ते ओळखायचं. डेनेट यांचं लेखन कोळून प्यालेल्या जाणकारांनाही सरासरी निम्मीच ओळखता आली. डेनेट तेव्हा हयात होते, "हे तुम्ही म्हणाला होता काय?" असं विचारता तरी येत होतं. आम्ही कुणाला विचारणार? आळंदीला जाऊन समाधीला?

सरांना फोनवर हे सांगितलं तर त्यांनी प्लेटो काढला. 'फीड्रस' या त्याच्या संवादात सॉक्रेटिस तक्रार करतो की लिहिलेले शब्द चित्रातल्या माणसांसारखे असतात. जिवंत वाटतात, पण काही विचारायला जावं तर तेच ते पुन्हा सांगतात. चोवीसशे वर्षांपूर्वीची ही तक्रार. त्यावर आता टॅबलेटनं उपाय करायचा, असा एकंदर बेत आहे.

१३ जून, शुक्रवार

कुठली प्रत घ्यायची यावर सरांकडं तीन तास. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढं प्रतींत पाठभेद शिरले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुनी म्हणून जी प्रत छापली तिची भाषा आणखी वेगळी. ओव्यांचे क्रमांकही प्रतीप्रतीत एकदोनानं सरकतात. माझ्यासारख्याला वाटतं की फाइल एकच असणार. ग्रंथाच्याही आवृत्त्या असतात, आणि इथं 'अपडेट' करणारा माणूस संत होता.

अडचण अर्थाची आहे. मूळ ओव्या कुणाच्या मालकीच्या नाहीत. पण सार्थ पोथीतला गद्य अर्थ ज्यानं लिहिला त्याचा; तो गेल्यावरही साठ वर्षं हक्क राहतो. बाजारातली कुठलीही सार्थ प्रत उचलून यंत्रात घालणं म्हणजे सरळ चोरी. सर म्हणाले, "मग मी लिहितो की. पण नऊ हजारांवर ओव्या आहेत, ऑगस्टपर्यंत व्हायच्या न्हाईत."

ठरलं असं : फक्त बारावा अध्याय, भक्तियोग. गीतेत तो वीसच श्लोकांचा आहे, आमच्या प्रतीत त्यावर २४७ ओव्या. शिवाय पसायदानाच्या नऊ, कारण पसायदान नसेल तर लोक विचारणारच. एकूण २५६. दोनचा आठवा घात! हे सांगून मला जो आनंद झाला तो सरांना अजिबात झाला नाही.

१६ जून, सोमवार

एकानं उदार मनानं आपल्याकडची टाइप केलेली फाइल दिली. जुन्या फॉन्टमधली. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर ज्ञानेश्वरी, नसलेल्यावर नुसता रोमन अक्षरांचा कचरा. कन्व्हर्टरमधून काढली तर सगळ्या वेलांट्या एकेक अक्षर पुढं सरकल्या. सोडून दिली. पुतणी पोथी समोर ठेवून नव्यानं टाइप करतेय. दिवसाला चाळीस ओव्या होतात.

आजचा दिवस एका 'ऱ्ह'नं खाल्ला. बाराव्याच्या सुरुवातीला ज्ञानदेव गुरुकृपेकडं मागणं मागतात, 'इये मऱ्हाठियेचिया नगरीं ब्रह्मविद्येचा सुकाळु करीं'. मी शोधात 'मऱ्हाठिये' टाइप केलं. सापडलं नाही. डोळ्यांना दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, यंत्राच्या लेखी वेगळे. शेवटी एकेका अक्षराचे क्रमांक छापून बघितले. हा डोळ्यातल्या पापणीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात युनिकोडचं ०९३१ क्रमांकाचं वेगळं अक्षर असतं आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात नेहमीचा र, हलन्त आणि मागं एक न दिसणारा जोडक, झिरो विड्थ जॉइनर. पुतणीचा कीबोर्ड पहिला प्रकार देतो, माझा दुसरा. आता ओव्यांच्या टेबलात (संगणकातली रकान्यांची यादी) जाणारं आणि शोधात येणारं सगळं आधी एकाच प्रकारात बदलून घेतो. प्रोग्रॅमच्या चार ओळी, शोधायला अख्खा दिवस.

२१ जून, शनिवार

सरांच्या अर्थाची पहिली शंभर पानी वही आली. निळ्या शाईत, डावीकडं ओवी, उजवीकडं अर्थ, खाडाखोड जवळजवळ नाही.

ही वही किती कामाची आहे ते आज कळलं. आमचा शोध असा चालतो : प्रश्नाचं आणि प्रत्येक ओवीचं आकड्यांच्या लांबलचक माळेत रूपांतर करायचं आणि ज्यांच्या माळा जवळजवळ येतात त्या ओव्या उचलायच्या. आधी नुसत्या ओव्या घातल्या होत्या. तेराव्या शतकातली मराठी हे रूपांतर करणाऱ्या मॉडेलला धड कळत नाही. चाचणीचा प्रश्न होता : "शेजाऱ्यानं बांध कोरला. रोज त्याचं तोंड बघायला लागतंय. राग जात नाही." जी ओवी आली तिचा या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. 'शेजार'सारखं काहीतरी त्याला कुठंतरी दिसलं असावं.

मग प्रत्येक ओवीला सरांचा अर्थ जोडून पुन्हा माळा केल्या. तोच प्रश्न, आणि पहिल्याच क्रमांकावर :

जो खांडावया घावो घाली ।
कां लावणी जयानें केली ।
दोघां एकचि साउली ।
वृक्षु दे जैसा ॥

खाली सरांचा अर्थ : तोडायला घाव घालणारा असो की लावणारा असो, झाड दोघांना सावली सारखीच देतं.

आमचा स्वतःचा बांध तीन वर्षं तलाठी आणि तहसील यांच्यामध्ये हेलपाटे घालतोय. स्क्रीनकडं बघत राहिलो जरा वेळ.

२४ जून, मंगळवार

वाईट दिवस. सविस्तर लिहितो.

शोध नीट चालायला लागला म्हणून आज भाषेचं मॉडेल जोडलं. सापडलेल्या आठ ओव्या त्याला द्यायच्या, त्यानं त्यांच्या आधारानं उत्तर तयार करायचं. सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं : दिलेल्या ओव्यांबाहेर जाऊ नकोस. पुतणीनं चाळीस प्रश्न विचारून उत्तरं छापून काढली आणि संध्याकाळी मी ती सरांकडं घेऊन गेलो.

उत्तरं गोड होती. सर वाचत गेले, मान हलवत गेले. बाराव्या का तेराव्या कागदावर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ही ओवी कुठली?"

मी म्हटलं, बाराव्यातलीच असेल. क्रमांकही दिलाय खाली.

"बाराव्यात न्हाई. ज्ञानेश्वरीतच न्हाई."

साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. 'गा पांडवा'सुद्धा होतं. सगळा साज बरोबर. सरांनी दुसऱ्या चरणावर बोट ठेवलं. तिथं 'तणाव' हा शब्द होता, मनावरचा ताण या आपल्या आजच्या अर्थानं. "माउलीला तणाव ठाऊक होता," सर म्हणाले, "पण हा शब्द असा न्हवता."

चाळीस उत्तरांत अशा अकरा ओव्या निघाल्या. त्यातल्या नऊ मला स्वतःला कधीच ओळखता आल्या नसत्या. सर शब्दावरून ओळखत होते, ठेक्यावरून ओळखत होते, दोन तर नुसत्या "हे त्यांचं बोलणं न्हाई" म्हणून बाजूला काढल्या. पोथीत शोधलं, खरंच नव्हत्या.

त्यातली एकही इथं उतरवून ठेवत नाही. एकदा कुठं लिहिली गेली की ती फिरायला लागेल, आणि दोन वर्षांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर ज्ञानेश्वरांच्या नावानं छापून येईल. पुतणीला फाइल पुसायला सांगितली. प्रिंट सरांनी स्वतः फाडले.

निघताना सरांनी पोथीचं शेवटचं पान उघडलं. ज्ञानेश्वरी शुद्ध केल्यावर एकनाथांनी खाली जोडलेल्या ओव्या आहेत, त्यातली ही :

ज्ञानेश्वरीपाठीं ।
जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं ।
जाण नरोटी ठेविली ॥

अमृताच्या ताटात नारळाची करवंटी. १५८४ साली नाथांनी लिहून ठेवलं होतं. मी २०२५ मध्ये एका दुपारीत अकरा करवंट्या मांडल्या.

२५ जून, बुधवार

रात्री जेवताना आबांना सांगितलं. आबा रोज सकाळी पाच ओव्या वाचतात, गेली कित्येक वर्षं, शाळा चौथीपर्यंत. त्यांना यंत्र खोटं का बोलतं ते समजावून सांगायला बसलो : ते पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत जातं, त्याला खरंखोटं कळत नाही, वगैरे.

आबा म्हणाले, "म्हंजे त्याला ठाव न्हाई म्हणाय येत न्हाई. आपल्या गल्लीत असली लई हायत. पावण्यानं रस्ता इचारला तर ठाव नसला तरी हात करत्यात."

यापेक्षा चांगली व्याख्या मी आजवर कुठल्या लेखात वाचलेली नाही.

२८ जून, शनिवार

दुरुस्ती. सूचना कडक करून बघितल्या ("ओवी रचू नकोस" तीनदा लिहिलं, ठळक केलं). करवंट्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. विनंती करून भागणार नाही, हातच बांधायला पाहिजेत.

म्हणून आता मॉडेलला ओवी लिहायची परवानगीच नाही. त्यानं फक्त क्रमांक द्यायचा, तोही त्याला दिलेल्या आठांतलाच. ओवी छापतो आमचा प्रोग्रॅम, टेबलातून, पुतणीनं टाइप केलेली आणि सरांनी तपासलेली. क्रमांक आठांतला नसेल तर उत्तर रद्द. उत्तरात दंड (।) किंवा ओवीच्या आकाराच्या चार ओळी दिसल्या तरी रद्द.

मग लक्षात आलं की अर्थसुद्धा ते स्वतःच्या पदरचा घालतंय. तोही टेबलातून, सरांच्या वहीतला, जसाच्या तसा. मॉडेलकडं उरलं एक वाक्य : या प्रश्नासाठी ही ओवी का काढली. आणि काहीच जुळलं नाही तर : "या २५६ ओव्यांत याचं उत्तर मला सापडलं नाही."

पुन्हा तेच चाळीस प्रश्न. बनावट ओवी एकही नाही. "सापडलं नाही" सात वेळा. आबांना दाखवलं. म्हणाले, "आता कसं."

सॉक्रेटिसला जी खोड वाटत होती, ती मी गेले चार दिवस खपून परत बसवली. विचारलं तर तेच ते सांगायचं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

काम नाही. आबांना घेऊन मिरजकर तिकटीपर्यंत गेलो, पुढं दिंडीबरोबर नंदवाळच्या वाटेला लागलो. पुईखडीचं रिंगण बघून परत. चिखल गुडघ्यापर्यंत. आबा दमले नाहीत, मी दमलो.

वाचनालयात ठेवलेली प्रश्नांची पेटी आणली. चिठ्ठ्या उपवासाच्या खिचडीबरोबर वाचल्या. "देव आहे का?" चार. "सून बोलत नाही." "उसाचं बिल कधी मिळणार?" (पेटीवर ज्ञानेश्वरांचं नाव मोठ्या अक्षरात आहे, तरी.) "मूर्तीची पूजा खरी की निराकाराची?" हा अर्जुनाचाच प्रश्न, बाराव्याची सुरुवात त्यानंच होते. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं अध्याय वाचलाय की त्याला आपापला सुचला, कुणास ठाऊक. मला दुसरं आवडेल.

९ जुलै, बुधवार

नवी चूक. "देवी" विचारलं तर 'जय जय वो शुद्धे' ही पहिली ओवी आली, आणि मॉडेलचं वाक्य : "श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की..." कृष्ण कुठला! तिथं ज्ञानदेव गुरूच्या कृपादृष्टीला आळवतायत.

या ग्रंथात कोण बोलतंय हे सतत बदलतं. कृष्ण अर्जुनाशी बोलतो, संजय ते धृतराष्ट्राला सांगतो, ज्ञानदेव ते श्रोत्यांना सांगतात, मधेच वळून निवृत्तिनाथांशी बोलतात. सर म्हणाले, प्लेटोचंही तेच दुखणं. 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात थ्रॅसिमाकस म्हणतो की न्याय म्हणजे बळकटाचं हित. पुढचा सगळा ग्रंथ ते खोडण्यात जातो. यंत्रानं तेवढंच वाक्य उचलून "प्लेटो म्हणतो" असं सांगितलं तर? शब्द खरा, क्रमांक खरा आणि तरी खोटं. माझा करवंटी पकडायचा चिमटा इथं काहीच कामाचा नाही.

टेबलात एक रकाना वाढवला : बोलणारा कोण. सर आणि पुतणी २५६ ओव्यांना नावं लावतायत. काही ठिकाणी सरांनी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय. ते तसंच ठेवणार.

१७ जुलै, गुरुवार

ज्या कंपनीचं मॉडेल वापरतोय तिचं बिल आलं, अंदाजाच्या दुप्पट. ही मॉडेलं शब्दांचे तुकडे मोजून पैसे लावतात आणि देवनागरीचे तुकडे जास्त पडतात. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात युनिकोडची अकरा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे तेहतीस. रोमन लिपीत हेच नाव बारा बाइटांत बसतं. वर ही मॉडेलं वाढली मुख्यतः इंग्रजीवर. शेवटी मॉडेलला द्यायच्या सूचना मी इंग्रजीत लिहिल्या आणि बिल खाली आलं. मऱ्हाठियेच्या नगरीत इंग्रजीतून हुकूम सुटतायत. समितीला सांगितलेलं नाही.

२३ जुलै, बुधवार

पसायदान. सगळ्यांना पाठ, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. सरांची वही लागायच्या आधी मॉडेल स्वतः काय अर्थ लावतंय ते गंमत म्हणून विचारलं.

'जे खळांची व्यंकटी सांडो' यावर त्यानं व्यंकटेश आणला, थेट तिरुपतीचा. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्टांचा वाकडेपणा जावो. यावर आम्ही तिघं हसलो.

'विश्व स्वधर्मसूर्यें पाहो' यावर मात्र फक्त सर हसले. मॉडेल म्हणालं, जग स्वधर्माच्या सूर्याला पाहो. मीही आजवर तेच समजत होतो, शाळेत हात जोडून म्हणत होतो तेव्हापासून. सर म्हणाले, जुन्या मराठीत 'रात्र पाहली' म्हणजे उजाडलं. इथं 'पाहो' म्हणजे उजळो. विश्वात स्वधर्माच्या सूर्यानं उजाडू दे. आधीच्या चरणात अंधार जावो म्हटलंय, पुढं उजाडायलाच पाहिजे.

पुतणी म्हणाली, "काका, म्हणजे यंत्र तुमच्याएवढंच चुकलं." बरोबर आहे. माझ्यासारख्यांनी लिहिलेलंच तर ते वाचून मोठं झालंय.

२ ऑगस्ट, शनिवार

समितीला दाखवलं. अपेक्षेप्रमाणं चेहरा आणि आवाज परत निघाला. काकांनी फोनवर नमुना करूनच आणला होता : कोवळा चेहरा, कपाळी टिळा, ओठ हलतायत, "बाळा, तुझ्या मनात काय आहे?" दोघातिघांना आवडला. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मलाही आवडला.

मी करवंट्यांची गोष्ट सांगितली. काका म्हणाले, "पण आता त्या येत न्हाईत न्हवं? मग चेहऱ्याला काय धाड भरलीया?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. सर हळूच म्हणाले, "तुमच्या वडलांचा आवाज असाच करून त्याच्या तोंडी मी माझं वाक्य घातलं तर चालंल काय?" बैठक थोडा वेळ गप्प. काकांनी फोन खिशात घातला. राग आला असावा. जाताना माझ्याशी बोलले नाहीत, सरांना मात्र गाडीवरून सोडलं.

खजिनदारांची शंका वेगळी : ओवी टेबलातली, अर्थ सरांचा, मग ह्यात एआय कुठाय? मी म्हटलं, ग्रंथपालासारखं आहे. पुस्तक त्यानं लिहिलेलं नसतं, कुठल्या कपाटात आहे तेवढं त्याला ठाऊक असतं. आमच्या ग्रंथपाल मॅडमना हे पटलं. त्यांचा पगार किती आहे हेही त्यांनी त्याच दमात समितीला आठवण करून दिलं.

येताना सरांना सांगितलं की या सगळ्या मॉडेलांचा पाया २०१७ च्या एका शोधनिबंधानं घातला, आणि लक्ष दिलं की बाकी काही लागत नाही असा त्याच्या नावाचाच अर्थ आहे. सर चालता चालता थांबले, भर पावसात. "नवव्याची पहिली ओवी काय आहे?" मला आठवेना. त्यांनीच म्हटली : 'तरी अवधान एकवेळे दीजे । मग सर्व सुखासि पात्र होइजे ।'

५ ऑगस्ट, मंगळवार

पुतणीनं आज न सांगता एक प्रश्न टाकला : "परत नापास झालो. घरी तोंड दाखवायची इच्छा नाही. जगून काय करू?"

उत्तरात सुखदुःख समान मानणाऱ्या भक्ताची ओवी आली. क्रमांक बरोबर, शब्द बरोबर, अर्थ सरांचा, बोलणारा कृष्ण. माझ्या सगळ्या चाळण्यांतून पास. वाचून पोटात गोळा आला.

"वर अभ्यासिकेत कोण बसतं ते तुम्हाला माहिताय ना काका," ती म्हणाली. एवढंच.

अशा प्रश्नांसाठी आता शोधाच्याही आधी वेगळी तपासणी आहे. तिथं ओवी येत नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोठ्या अक्षरात येतो, आणि खाली, 'ग्रंथपाल मॅडम आत बसल्या आहेत, त्यांच्याशी बोला.' मॅडमना विचारूनच लिहिलंय. ही तपासणी कधी कधी उगाचच लागते ("या गुडघेदुखीनं जीव नकोसा झालाय" यालाही लागली). लागू दे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी झेंडा, संध्याकाळी टॅबलेट. भिंतीला बसवताना स्क्रू कमी पडला, पापाच्या तिकटीवरून आणेपर्यंत अर्धा तास गेला. भाषणं तीन. वीज गेली नाही, हे नोंदवण्यासारखं.

आवाजानं प्रश्न विचारायची सोय गर्दीत चालली नाही. एका आजींनी "मन थाऱ्यावर न्हाई" म्हटलं, त्यानं "मन ठाण्यावर नाही" लिहून घेतलं. पुतणीनं बाजूला उभं राहून सगळ्यांचे प्रश्न टाइप केले. सव्वीस प्रश्न, पाच "सापडलं नाही". त्या पाचांपैकी दोघं आत जाऊन मॅडमना विचारत होते की मग कुठल्या पुस्तकात सापडेल.

१८ ऑगस्ट, सोमवार

पाऊस लागून राहिलाय. आबांना घेऊन वाचनालयात गेलो, त्यांनी अजून बघितलं नव्हतं. कोरडी जागा बघून खुर्ची ओढली, चष्मा लावला, आणि मला बांधाचाच प्रश्न टाइप करायला सांगितला. झाडाची ओवी आली. त्यांनी बोट फिरवत हळू वाचली. मग म्हणाले, "परत इचार." तीच आली. "अजून एकदा, जरा शिव्या घालून इचार." घातल्या. तीच आली.

"पोथीगत हाय," आबा म्हणाले, आणि उठले.

बाकी कामं : आवाजाचं बघायचं. गुडघेदुखीवाली चूक. इंग्रजी सूचनांचं समितीला कधीतरी सांगायचं. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीनं चिठ्ठी टाकलीय की तेराव्यात अहिंसेवर पुष्कळ ओव्या आहेत त्या का नाहीत. आमच्या प्रतीत तेराव्यात ११७० ओव्या. सरांना फोन केला. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, येताना वही आण, या खेपेला दोनशे पानी.